घानाला कधी जावं? आधी कुठे फिरणार ते ठरवा, महिना मग

घानात राजधानी अक्रा आणि शेजारचं टेमा या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी माणसाला नातेवाईकांचा, मित्रांचा ठरलेला मेसेज येतो, "तुमच्याकडे यायचा बेस्ट सीझन कोणता रे?" नेटवर शोधलं तर सगळीकडे एकच उत्तर, नोव्हेंबर ते मार्च, कोरडा सीझन, संपला विषय. उत्तर चूक नाहीये पण ते वाचून तिकीट काढलेल्या माणसाला धबधब्यापुढे उभं राहून "पाणी कुठंय?" विचारायची वेळ येते, किंवा डिसेंबरात अक्राच्या हॉटेलचे रेट बघून घाम फुटतो. म्हणून पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी हे टप्प्याटप्प्याने लिहितोय. माझं म्हणणं एवढंच की घानाला एक सीझन नाही, दक्षिणेचा वेगळा आणि उत्तरेचा वेगळा. आधी जागा ठरवा, मग महिना आपोआप दिसायला लागतो.

पायरी १: नकाशा उघडा आणि देशाचे दोन तुकडे करा

घाना साधारण ५ ते ११ अंश उत्तर अक्षांशात बसतो, खाली गिनीचं आखात, वर बुर्किना फासो. दक्षिणेत अक्रा, केप कोस्ट, एल्मिना, ताकोराडी हा किनारा आणि त्याच्या वर कुमासीचं जंगलपट्टीचं घाना. उत्तरेत तमाले, दामोंगो, बोल्गाटांगा, म्हणजे गवताळ सवाना.

दक्षिणेत पाऊस वर्षातून दोनदा येतो. मोठा पाऊस एप्रिल ते जुलै, त्यातला मे-जून सगळ्यात जोराचा, मग ऑगस्टमध्ये मध्येच उघडीप, आणि पुन्हा सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत छोटा पाऊस. उत्तरेत एकदाच, मे ते ऑक्टोबर, आणि ऑगस्ट-सप्टेंबरला तो भरात असतो. कारण साधं आहे, पावसाचा पट्टा सूर्यामागे उत्तरेला सरकतो आणि नंतर परत खाली येतो, त्यामुळे दक्षिणेवरून तो दोनदा जातो आणि उत्तरेत एकदाच पोचून मागे फिरतो. म्हणजे ऑगस्टमध्ये अक्रा कोरडं आणि गार असतं तेव्हा तमालेला चिखल असतो. आता सांगा, "घानात ऑगस्ट कसा असतो?" याचं एका शब्दात काय उत्तर देणार?

पायरी २: पावसाळा म्हटल्यावर मुंबई डोक्यात आणू नका

आपला इथेच घोळ होतो. पावसाळी महिने म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जुलैतली मुंबई किंवा रत्नागिरी येते, चार-चार दिवस सूर्य नाही, कपडे वाळत नाहीत. अक्रात तसं होत नाही. अक्राचा किनारा त्या भागातला विचित्र कोरडा पट्टा आहे, वर्षभराचा पाऊस ७५०-८०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईत एकट्या जुलैत पडतो तितका अक्राला वर्षभर पुरतो. जून तिथला सगळ्यात ओला महिना आणि त्यातही बरेच दिवस कोरडेच जातात.

पाऊस येतो कसा ते एकदा बघण्यासारखं असतं. दुपार कलली की पूर्वेकडून काळं भरून येतं, एकदम वारा सुटतो, रस्त्यावरची लाल धूळ, प्लॅस्टिकच्या पाण्याच्या रिकाम्या पिशव्या, टपऱ्यांवरची ताडपत्री सगळं उडायला लागतं, डोक्यावर टोपल्या घेऊन विकणाऱ्या बायका पटापट आडोशाला जातात, आणि मग तास-अर्धा तास असा काही कोसळतो की समोरची गाडी दिसत नाही. तो गेला की पुन्हा ऊन. सकाळी लवकर बाहेर पडलात तर निम्मे पावसाळी दिवस तसे निर्धास्त जातात.

पण शहरातलं पाणी मनावर घ्याच. अक्राची गटारं उघडी आणि तुंबलेली, सर्कल, कानेशी हे भाग मोठ्या पावसात पाण्याखाली जातात. ३ जून २०१५ ला सर्कलजवळ पूर आणि पेट्रोल पंपाचा स्फोट एकाच रात्री झाला आणि दीडशेहून जास्त लोक गेले, आजही जून आला की तिथे त्याची आठवण निघते. त्यामुळे जूनमध्ये येणार असाल तर हॉटेल उंचावरच्या भागात घ्या आणि विमानतळावर पोचायला भरपूर वेळ हातात ठेवा, पाऊस पडला की ट्रॅफिक ठप्प होतो आणि ॲपवरच्या टॅक्सीचे भाव दुप्पट दिसायला लागतात.

आणि हे सगळं अक्राचं झालं हं. पश्चिमेला आक्सिमकडे गेलात तर २००० मिलिमीटरच्या वर पाऊस आहे, तिथे कोकणातल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटेल.

पायरी ३: काय बघायचंय त्याची यादी करा, पण खरी यादी

"सगळंच बघायचंय" असं म्हणू नका, आठ-दहा दिवसांत होत नाही, अंतरं मोठी आहेत. सगळ्यात जास्त काय बघायचंय ते एक निवडा आणि बाकी त्याच्या आजूबाजूला बसवा.

हत्ती बघायचे असतील तर मोले नॅशनल पार्क, देशातलं सगळ्यात मोठं, ४८४० चौरस किलोमीटर. इथे जानेवारी ते मार्च हाच काळ. जंगलातलं पाणी आटत जातं, गवत वाळतं किंवा जळतं, आणि प्राणी उरलेल्या पाणवठ्यांवर यायला लागतात. मोलेची गंमत अशी की राहायची जागा कड्यावर आहे आणि खाली दोन पाणवठे, सकाळी चहाचा कप हातात घेऊन खाली हत्ती डुंबताना बघता येतात, आणि बंदूकधारी रेंजरबरोबर पायी सफारीही करता येते. हेच ऑगस्ट-सप्टेंबरात गेलात तर सगळं हिरवंगार, सुंदर, पण गवत माणसाच्या उंचीचं आणि हत्ती कुठेही पांगलेले. दिसले तर नशीब. एक मात्र लक्षात घ्या, मार्च अर्धा संपला की उत्तरेत पारा ४० च्या घरात जातो, विदर्भातल्या लोकांना काही वाटणार नाही पण लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर जानेवारीतच उरका. जवळच लाराबांगाची मातीची जुनी मशीद आहे, तिच्या पांढऱ्या भिंतींतून लाकडाचे वासे बाहेर आलेले असतात, ती बाहेरूनच बघायची असते.

धबधबे बघायचे असतील तर गणित अगदी उलटं. व्होल्टा भागातला व्ली धबधबा बारमाही आहे पण खरा जोर पावसात आणि पाऊस संपता संपता, साधारण जून ते नोव्हेंबर. कड्यावर हजारो वटवाघळं लटकलेली असतात आणि पाण्याचे तुषार लांबूनच अंगावर येतात. बोटी नावाचा धबधबा मात्र कोरड्या दिवसांत इतका बारीक होतो की फोटो काढायचीही इच्छा होत नाही. फेब्रुवारीत धबधब्यांची ट्रिप आखू नका, एवढं ऐकाच.

केप कोस्ट आणि एल्मिनाचे किल्ले बघायला सीझन लागत नाही. एल्मिना पोर्तुगीजांनी १४८२ ला बांधायला घेतला, गुलामांना जहाजावर चढवायच्या आधी ज्या कोठड्यांत कोंडायचे त्या आजही आत जाऊन बघता येतात, आणि आतली ती दमट कोंदट हवा कोणत्याही महिन्यात तशीच असते. तिथून जवळ काकुमच्या जंगलातला झुलता पूल, झाडांच्या शेंड्यांवरून जाणारे सात पूल, मिळून साडेतीनशे मीटर. कोरड्या दिवसांत जाणं सोपं, पण जंगलाचा रंग पावसाळ्यातच. पाऊस जोरात असला की थांबवून ठेवतात, म्हणून कधीही जा पण सकाळी उघडल्या उघडल्या जा, शिवाय नंतर शाळांच्या सहली येतात आणि पुलावर जो कलकलाट होतो त्यात पक्षीसुद्धा दिसत नाही. माकडं, हत्ती दिसतील अशा आशेने काकुमला जाऊ नका.

न्झुलेझू हे खांबांवर उभं असलेलं गाव, ताडाने नावाच्या सरोवरावर, तिथे होडीने जायचं असतं. पाणी चांगलं असेल तर मजा, ऐन कोरड्यात पाणी उतरलं की होडी अडते, म्हणून पावसानंतरचे महिने बरे.

समुद्रकिनारा हवा असेल तर नोव्हेंबर ते मार्च. जुलै ते सप्टेंबर खोल समुद्रातलं थंड पाणी वर येतं, त्यामुळेच ऑगस्ट तिकडे इतका गार असतो, मच्छीमारांची त्या दिवसांत चांदी पण पोहणाऱ्यांना थंडी वाजते. बुसुआला सर्फिंगवाले मात्र मे ते सप्टेंबरच्या लाटांवरच खूश असतात. कुठल्याही महिन्यात एक नियम, इथल्या पाण्याला आत ओढणारा जोर आहे, स्थानिक लोक जिथे उतरत नाहीत तिथे तुम्ही उतरू नका. अदा फोआ, केटा या बाजूला साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी कासवं अंडी घालायला रात्री किनाऱ्यावर येतात, वेळासचं कासव ज्यांनी पाहिलंय त्यांना हे आवडेल.

पायरी ४: हरमॅटन समजून घ्या

डिसेंबर ते फेब्रुवारी सहाराकडून कोरडा धुळीचा वारा येतो, त्याला हरमॅटन म्हणतात. आकाश पांढुरकं होतं, सूर्य भर दुपारी सरळ बघता येईल असा फिकट, आणि गाडीवर, टेबलावर, बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांवर बारीक पिठासारखी धूळ बसते. ओठ फुटतात, टाचा फुटतात, नाक आतून कोरडं होऊन दुखायला लागतं. अक्रात हा वारा थोडे दिवस येतो, जातो, उत्तरेत मात्र मुक्कामच ठोकतो. त्याचा फायदा पण आहे, हवेतला दमटपणा जातो, पहाटे चक्क गारवा लागतो आणि डासही कमी.

कोणी टाळावा हा काळ? दमा असलेल्यांनी, कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी, आणि ज्यांना निसर्गाचे फोटो काढायचेत त्यांनी. मोलेच्या कड्यावरून दूरचं क्षितिज दिसेल असं वाटतं, दिसतं फक्त धुरकट पांढरं. हत्तींचे फोटो छान येतात कारण ते जवळ असतात. आणि धुळीमुळे अक्रा-तमाले विमानं कधी उशिरा, कधी रद्द होतात, तर उत्तरेतून परत यायचा दिवस आणि भारतात परतायचा दिवस यात किमान एक मोकळा दिवस ठेवा. दोन ठेवलेत तर अजून बरं.

पायरी ५: आपल्या सुट्ट्या या सगळ्यावर ठेवून बघा

आता खरा प्रश्न, कारण बहुतेकांना सुट्टी मुलांच्या शाळेवर मिळते, हवामानावर नाही.

मे महिन्याची सुट्टी: दक्षिणेत मोठा पाऊस सुरू झालेला, उत्तरेत अजून उकाडा. सगळ्यात गैरसोयीचा काळ. तरी यायचंच असेल तर पहिल्या आठवड्यात या आणि विन्नेबाचा अबोआक्येर बघा, मेच्या पहिल्या शनिवारी दोन गट रानात जाऊन हातांनी जिवंत हरीण पकडायची शर्यत लावतात आणि पूर्ण गाव रस्त्यावर असतं. नंतर केप कोस्ट करून घरी. आंब्याचा सीझन असतो तेव्हा, आंबा मोठा आणि रसाळ, पण हापूसशी तुलना करत बसलात तर उगाच चिडचिड होईल.

दिवाळीची सुट्टी: हीच माझी पहिली पसंती, त्यातही दिवाळी उशिरा असेल आणि नोव्हेंबरचा मधला भाग मिळत असेल तर डोळे झाकून या. पाऊस सरत आलेला, रान हिरवं, धबधब्यांना पाणी, उत्तरेतले रस्ते वाळलेले, धूळ अजून सुरू झालेली नाही, डिसेंबरची गर्दी आणि भाव दोन्ही लांब. हत्ती जानेवारीएवढे नक्की नाही दिसणार, तेवढी एक तडजोड. शिवाय कोकोचा मुख्य हंगाम चालू असतो, आणि ही गोष्ट कुठल्याच पॅकेजमध्ये नसते म्हणून मुद्दाम सांगतो. कुमासीच्या आजूबाजूच्या किंवा पूर्वेकडच्या गावांतून जाताना गाडी थांबवा. फोडलेल्या फळांमधला पांढऱ्या गरासकटचा बियांचा ढीग केळीच्या पानांखाली काही दिवस झाकून ठेवलेला असतो, जवळ गेलं की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, आणि शेजारी बांबूच्या उंच मांडवावर चटया टाकून आंबवलेल्या बिया वाळत घातलेल्या असतात, कोणीतरी उभ्याने हात फिरवून त्या उलट्यापालट्या करत, मधून खराब बी वेचून टाकत असतं. विचारलं तर ताजा गर चोखायला देतात, आंबट-गोड, चॉकलेटची चव शोधूनही सापडत नाही.

ख्रिसमसची सुट्टी: हवा चांगली, खिसा रिकामा. २०१९ मध्ये घानाने परदेशातल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांना 'परत या' म्हणून मोठी हाक दिली आणि तेव्हापासून डिसेंबर म्हणजे अक्रात पार्ट्या, कॉन्सर्ट, लंडन-न्यूयॉर्कहून आलेली गर्दी. तुम्हाला नाचगाणं हवं असेल तर यासारखा महिना नाही. शांतपणे देश बघायचा असेल तर ख्रिसमसच्या दिवशीच अक्रा सोडून उत्तरेला निघा, किंवा सरळ जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात या, भाव खाली आलेले असतात.

ऑगस्ट: याला कोणी भाव देत नाही आणि हेच त्याचं बरं आहे. अक्रात कमाल तापमान २७-२८ च्या आसपास, ढगाळ, पाऊस कमी. रस्तोरस्ती कोळशावर भाजलेलं कणीस आणि सोबत खोबऱ्याचा तुकडा मिळतो, तो प्रकार खाऊन बघाच. गणपती ऑगस्टमध्ये येत असतील तर मात्र कोणी हलणार नाही, ठाऊक आहे मला.

पायरी ६: सणांच्या तारखा तपासा, आणि आवाजबंदीच्या पण

अक्राच्या गा लोकांचा होमोवो साधारण ऑगस्टमध्ये असतो, जुन्या दुष्काळाची आठवण म्हणून, गावचे प्रमुख मक्याचं वाफवलेलं अन्न रस्त्यांवर शिंपडत फिरतात. पण त्याआधी, बहुतेक मे-जूनमध्ये, जवळजवळ महिनाभर ढोल आणि मोठ्या आवाजावर बंदी असते. लाइव्ह म्युझिक ऐकायला म्हणून अक्राला यायचं आणि नेमकी बंदी असायची, तसं व्हायला नको. केप कोस्टचा फेतू अफाह्ये सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी, आन्लोगाचा होग्बेत्सोत्सो नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी. ईस्टरला क्वाहूच्या डोंगरावर पॅराग्लायडिंग असतं आणि निम्मं अक्रा तिकडे पळतं, त्या चार दिवसांत रस्त्याला लागू नका.

सगळ्यात सोपं म्हणजे कुमासीचा अक्वासिदाए, दर सहा आठवड्यांनी एका रविवारी मानह्या राजवाड्यात अशांती लोकांच्या राजाचा दरबार भरतो, सोन्याचे दागिने, मोठाल्या छत्र्या, ढोल. वर्षभर चालू असतो म्हणून कुठल्याही सीझनमध्ये बसतो, फक्त त्या वर्षाचं कॅलेंडर बघून कुमासीचा रविवार ठरवा. शनिवारी कुमासीत काळे-लाल कपडे घातलेली गर्दी दिसली तर ते बहुतेक अंत्यविधीचे कार्यक्रम, खूप मोठे असतात, हॉटेलं त्याच्यामुळेही भरतात.

पायरी ७: तारीख ठरली की उलटे दिवस मोजा

यलो फीवरची लस घेतल्याशिवाय घानात प्रवेश नाही. सर्टिफिकेट लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि आता आयुष्यभर चालतं. ही लस सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, मुंबईत विमानतळ आणि बंदराच्या आरोग्य कार्यालयांकडे, आणि अपॉइंटमेंट लगेच मिळेल असं धरून चालू नका, दीड-दोन महिने आधी मागे लागा. साठीच्या पुढच्यांनी, अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी आधी डॉक्टरांशी बोलायचं. लसीच्या सर्टिफिकेटचं पिवळं पुस्तक परतीच्या प्रवासातही हातातल्या बॅगेत ठेवा, ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात.

मलेरिया वर्षभर असतो, पावसात आणि पाऊस संपल्यावर जास्त. "मी कोरड्या सीझनमध्ये चाललोय, गोळ्या कशाला" असं म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. कुठली गोळी, किती दिवस आधी सुरू करायची ते डॉक्टर सांगतील, काही गोळ्या परत आल्यावरही चार आठवडे घ्याव्या लागतात. डिसेंबर ते जून उत्तरेत जाणार असाल तर मेंदूज्वराच्या (मेनिंजायटिस) लसीबद्दलही विचारा, तो पट्टा त्याच्यासाठी ओळखला जातो. अगदी उत्तर-पूर्वेच्या बावकू भागात जुना वाद धुमसत असतो, तिकडचा प्लॅन करायच्या आधी ताज्या बातम्या बघा.

व्हिसा लागतो, तो लवकर टाका. मुंबईहून थेट विमान नाही, अदिस अबाबा, दुबई अशा ठिकाणी विमान बदलून जावं लागतं, डिसेंबरचं तिकीट असेल तर सप्टेंबरच्या आत काढलेलं बरं.

पायरी ८: बॅग महिन्याप्रमाणे भरा

जून-जुलै आणि ऑक्टोबर असेल तर छत्रीपेक्षा पातळ रेनकोट, कारण पावसाबरोबर वारा असतो आणि छत्री उलटी होते. पायात पटकन वाळणारे सँडल. हरमॅटन असेल तर व्हॅसलीन, नाकात घालायचं सलाइन, डोळ्यांचे थेंब, मास्क, आणि पहाटेच्या सफारीसाठी एक स्वेटर, हसू नका, लागतो. पांढरे कपडे कुठल्याच महिन्यात आणू नका, कोरड्यात लाल धूळ आणि ओल्यात लाल चिखल. दिवस वर्षभर बारा तासांच्या आसपास, सहा-सव्वासहाला अंधार पडायला लागतो, तर महिना कोणताही असो लांबचा प्रवास पहाटे सुरू करून उजेडात संपवायचा.

आणि घरी परतल्यावर पुढच्या दोन-तीन महिन्यांत कधीही ताप आला तर "व्हायरल असेल" म्हणून क्रोसिन घेऊन झोपू नका, त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की मी घानाला जाऊन आलोय.